पाण्यावर आलेला भीमराज

बाबांना वाघाने नेलं, त्यानंतरचा सगळा उन्हाळा मी गावी आईजवळ काढला. ‘नेलं’ हा आमच्याकडचा शब्द. खरं तर बाबा आम्हाला त्याच दिवशी परत मिळाले होते, मोहाच्या झाडापासून फार लांबही नाही. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, भंतेजींनी घरी येऊन वंदना घेतली. पण कुरखेड्याच्या आसपासच्या आमच्या गावांत अशा माणसाला कोणी ‘वारला’ म्हणत नाही. नेलं म्हणतात, आणि पुढे काही बोलत नाहीत.

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर घरीच असायचे, थोडं धान लावायचे आणि चैत्रात मोहाची फुलं वेचायला जायचे. घरात त्याची गरज उरली नव्हती, ती त्यांची हौस होती. पहाटे पडलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून माणसं झुंजुमुंजू व्हायच्या आधीच निघतात. खाली वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, असं पंचनाम्याला आलेला वनरक्षक म्हणाला. ते ऐकून आईने फक्त मान हलवली, जणू तो पाऊसपाण्याचं काही सांगत होता.

मी चंद्रपूरला एका दवाखान्यात एक्स-रे काढते. बिनपगारी रजा टाकून आले होते. आई रडत नव्हती. सकाळी अंगण झाडायची, भात शिजवायची, आणि दुपार कलली की मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. मागचं दार जंगलाकडे उघडतं. आधी आमची सांदवाडी, म्हणजे घरामागची भाजीपाल्याची जागा, मग काट्यांचं कुंपण, मग नाला, आणि नाल्यापलीकडे साग आणि बांबू. आत ये म्हटलं तर ती म्हणायची, “इथीच बरं वाटते मले.”

पाखरांचं त्या उंबऱ्यापासूनच सुरू झालं. बाबांनी सांदवाडीतल्या आंब्याला तारेने एक जुनं सूप टांगलं होतं आणि त्यात ते रोज सकाळी कणकी, तांदळाचा चुरा, टाकायचे. ते गेल्यावर सूप रिकामं झालं, पण पाखरं येतच राहिली. सुपाच्या कडेवर बसून आत बघायची आणि मग मान वळवून घराकडे बघायची. मला ते सहन होईना. मी कणकी टाकायला लागले. नाला कोरडा पडला होता, म्हणून एका जुन्या घमेल्यात पाणी भरून तेही आंब्याखाली ठेवलं. बाबा पाणी कधी ठेवत नसत, ते मी सुरू केलं.

मधे एकदा कपडे आणायला चंद्रपूरला गेले, तेव्हा खोलीवरून कॅमेराही घेऊन आले. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून तो मी हिवाळ्यात जुना विकत घेतला होता, लांब लेन्ससकट. कधीतरी ताडोब्याला जाऊ म्हणून. वाघ बघायचा होता मला.

माझे सुरुवातीचे फोटो पाहून कोणी म्हटलं नसतं की ही बाई पोटासाठी फोटोच काढते. पण माझ्या टेबलावरचा माणूस ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हटलं की धरून ठेवतो. पाखरू काहीच धरून ठेवत नाही. मी बटण दाबेपर्यंत बुलबुल उडालेला असायचा. फोटोत यायची अर्धी शेपटी, नाहीतर हलणारी फांदी, नाहीतर नुसतं झोके घेणारं सूप. रिकाम्या सुपाचे इतके फोटो जमले की संध्याकाळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते एकामागून एक पाहवत नसत. प्रत्येक फोटोतून नुकतंच कोणीतरी उठून गेलेलं होतं.

मग चुकत चुकत शिकले. स्वयंपाकघराच्या खिडकीला आईचं जुनं लुगडं बांधलं आणि त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं. आधी कॅमेरा पाखराऐवजी लुगड्याचा धागाच टिपायचा, तेव्हा भोक मोठं केलं. पाखरू थेट सुपावर उतरत नाही, आधी जवळ कुठेतरी बसून अंदाज घेतं, हे लक्षात आल्यावर बोरीची एक वाळकी फांदी घमेल्याजवळ रोवली. सकाळी ऊन माझ्या पाठीमागून येतं, तेव्हा पिसांचा रंग दिसतो. संध्याकाळी ऊन नाल्याच्या बाजूने येतं, तेव्हा सगळीच पाखरं काळी होतात.

आई कधी कधी उंबऱ्यावरून उठून खिडकीपाशी यायची, पडद्यावर वाकून बघायची. एकदा म्हणाली, “तुया फोटोत पाखराईचे डोयेच दिसत नाई. डोये नाई तं कायचा फोटो?”

त्या दिवसांत ती एवढं लांब वाक्य बोलली म्हणून मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी डोळ्यावर नेम धरायला लागले. होल्याचा डोळा आला, साळुंकीचा आला. सातभाई मात्र घोळक्याने यायचे आणि एकमेकांच्या अंगावर पडत खायचे, त्यांचा एकही डोळा धड मिळायचा नाही. दुपारच्या वेळी मी तासन् तास त्या भोकाला डोळा लावून बसायचे. आई उंबऱ्यावर, मी खिडकीत. दोघीही एकाच दिशेला बघत असू.

शिट्टी पहिल्यांदा शेजारच्या काकूंनी ऐकली. त्या आईच्याच वयाच्या, त्यांचं धानाचं शेत आमच्या शेताला लागून. बाबांना त्या भाऊ म्हणायच्या आणि आईला बाई. सकाळी त्या कुंपणापाशी आल्या, पण नेहमीसारख्या आत आल्या नाहीत.

“बाई, काल सांजचं काई आयकलं का तुमी?”

“काय?”

“भाऊची शिट्टी.”

आईने हातातला तांब्या खाली ठेवला. “कोन्या पोरानं वाजवली असन.”

“पोरं जातेत का त्या अंगाले आता? नाल्याकडून आली, बाई. मी माह्या कानानं आयकली.”

बाबांची शिट्टी सगळ्या गावाला माहीत होती. दोन लांब आणि मग एक तुटकी, वर चढणारी. डेपोतून सायकलवर येताना फाटकाच्या अलीकडेच ते ती वाजवायचे, आणि लहानपणी ती ऐकली की मी हातातलं टाकून पळत सुटायचे. चंद्रपूरला राहायला गेल्यापासून ती मी क्वचितच ऐकली होती.

त्याच संध्याकाळी ती आम्हीही ऐकली. मी चुलीपाशी होते. ऊन गेलं होतं, उजेड होता. दोन लांब. मग ती तुटकी, वर चढणारी, आणि अगदी शेवटी हवा निसटल्यासारखा एक फस्स आवाज. माझ्या हातातली काडी विझली. मी स्वतःशी म्हटलं, शेवटी फस्स झालं, बाबांची शिट्टी अशी फुटकी नव्हती, म्हणजे दुसरंच कोणीतरी आहे. तो धीर घेऊन मी मागच्या दाराशी गेले, आणि आईचा चेहरा बघितला. ती उंबऱ्यावर दोन्ही हात टेकून अर्धवट उठली होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

“आई, ही बाबांची नाही. बाबांची कशी साफ होती.”

आई नाल्याकडे बघत हळूहळू खाली बसली.

चार-सहा दिवसांत गाव बदललं. त्या बाजूची पायवाट संध्याकाळी बंद झाली. गुरं लवकर घरी यायला लागली. काकू पुन्हा आल्या तेव्हा कुंपणापाशीही थांबल्या नाहीत, पुढच्या दाराने आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “वाघानं नेलेला मानूस वाघाच्या म्होरं चालते, बाई. तो हाक मारते, आपन जातो, अन् वाघ मांगून येते. तुमी भगताले बोलवा. बांधून घ्या.”

“आमच्यात तसं नाई मानत,” आई म्हणाली. मग थोडं थांबून, “अन् त्याईले बांधाचं कायले? जिते होते तवाबी कोनी बांधलं नाई त्याईले.”

काकू जाताना माझ्याकडे वळल्या. “पोरी, तू थे पानी ठेवतेस ना झाडाखाली, थे उचल. तहानलेला जीव पान्यावर येते.”

मी शिकलेली. हाडांच्या आत काय असतं ते रोज बघणारी. तरी त्या संध्याकाळी घमेल्यात पाणी ओतताना माझी पाठ नाल्याकडे झाली, तशी मी वळून उभी राहिले. मी पाणी ओतलं आणि जवळजवळ धावतच घरात आले.

मग एकदा मी खिडकीशी लेन्स पुसत बसले होते. शिट्टी झाली. नेहमीसारखं थोड्या वेळाने मी आईकडे बघितलं, तर उंबरा रिकामा. कुंपणातली काट्यांची फांदी बाजूला सारलेली.

मी अनवाणी धावले. नाल्याची वाळू अजून गरम होती. त्या वाळूत काय काय उमटलेलं असतं ते मला माहीत होतं, म्हणून खाली बघायचं नाही असं ठरवून मी समोर बघत पळाले. आई पलीकडच्या काठावर उभी होती, बांबूच्या अगदी तोंडाशी. डोक्यावर पदर घेतलेला. आणि आयुष्यात कधी आवाज न चढवणारी माझी आई हात तोंडाशी धरून ओरडली, “ओऽऽ!”

बांबूतून शिट्टी आली. दोन लांब, एक तुटकी, फस्स. आधीपेक्षा थोडी आतून. आईने पाऊल उचललं.

मी तिचा हात धरला. “आई, चल घरी.”

“थांब ना. बोलून राह्यले.”

“कोणी नाही तिथं.”

“मंग तुले नाई आयकू आलं?”

मला ऐकू आलं होतं. मी तिला ओढतच मागे आणलं. जंगलाकडे पाठ करायची नाही, एवढं लहानपणापासून डोक्यात बसलेलं, म्हणून मी आईला पुढे घातलं आणि स्वतः बांबूकडे तोंड ठेवून उलटी चालत नाला ओलांडला. बांबू वाऱ्याशिवाय करकरत होता. तो तसा करकरतोच.

त्यानंतर संध्याकाळ झाली की मी मागच्या दाराला आतून कडी लावायला लागले. आईने विरोध केला नाही. ती बंद दाराकडे तोंड करून, आत, जमिनीवर बसायला लागली. ते उंबऱ्यापेक्षा वाईट होतं.

मी खिडकीतून हलत नसे. फोटोंपेक्षा पहारा म्हणूनच. एका संध्याकाळी घमेल्यावर बुलबुल आंघोळ करत होते, सुपात सातभाई भांडत होते. एकाएकी शिकऱ्याची किंचाळी आली, आणि क्षणात सगळी सांदवाडी रिकामी झाली. मी शिकरा शोधत होते. शिकरा नव्हताच. आंब्यातून काहीतरी काळं दगडासारखं घमेल्यात पडलं, पाणी उडवून वर गेलं, पुन्हा पडलं. मी नेम न धरता बटण दाबून ठेवलं.

पडद्यावर पाहिलं. काळा फराटा. आणि फराट्याच्या मागे, हवेत, दोन काळे ठिपके. कशालाही न चिकटलेले. लेन्सवर घाण असेल म्हणून मी ती पुसली आणि पुढचा फोटो पाहिला. ठिपके जागा बदलून पुन्हा त्याच्या मागे होते. त्याच्या पुढच्यातही. पाखरू जिकडे वळेल तिकडे ते दोघं त्याच्या पाठोपाठ. मी कॅमेरा बंद केला आणि फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला. हे मी त्या वेळी आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र मीच खिडकीत जाऊन बसले. ते न बघताही राहवेना. पुन्हा तीच किंचाळी, पुन्हा सगळे पसार. काळं पाखरू घमेल्यात दोनदा बुडी मारून वर आलं आणि या वेळी मी रोवलेल्या बोरीच्या फांदीवर बसलं. ओलं, झटकत. आणि तेव्हा मला त्याची शेपटी दिसली. दोन पिसं तारेसारखी लांबच लांब, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक वळलेलं काळं पान. उडताना तारा दिसत नव्हत्या, नुसती पानं दिसत होती.

भीमराज. कोतवाल पक्ष्याच्याच जातीचा, पण दाट जंगलातला. लहानपणी बाबांनी मला एकदा बांबूत दाखवला होता आणि सांगितलं होतं की हा सगळ्यांचे आवाज काढतो. दुसऱ्या पाखरांना शिकऱ्याच्या आवाजाने भिववून पळवतो आणि त्यांचे किडे खातो. असा आमच्या सांदवाडीत तो कधीच आला नव्हता. येणार तरी कशाला? जंगलात पाणी असताना त्याला घमेलं कशाला लागतं?

तो फांदीवर पिसं सारखी करत होता. मधेच काकूंच्या मांजरासारखा आवाज काढला. मग मान किंचित वर केली, गळा फुगला, चोच उघडली, आणि माझ्यापासून पाच-सहा हातांवर बाबांनी शिट्टी वाजवली.

माझं बोट बटणावरच होतं. कॅमेरा खडखडत राहिला. नेम धरायचं मी विसरले, जवळपास सगळे फोटो गेले. एक राहिला. चोच उघडी, एका तारेचं टोक फ्रेमच्या बाहेर गेलेलं, आणि डोळा. लालसर, ओला, थेट माझ्याकडे बघणारा.

मी तो आईपुढे नेला. तिने बराच वेळ पाहिला.

“शिट्टी हा वाजवते, आई. मी आपल्या डोळ्यानं पाहिलं.”

“चोच तं कोनतंबी पाखरू उघडते,” ती म्हणाली. “ह्याच्यात आवाज येते का?”

“नाही.”

“मंग?”

मोबाईलवर आवाज भरून घेता आला असता. मला ते सुचलंही. पण हात धजला नाही. ती शिट्टी खिशात घेऊन फिरायची कल्पनाच सोसवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आईला माझ्या शेजारी, लुगड्यामागे स्टुलावर बसवलं आणि भोक तिच्यासाठी मोकळं केलं. उजेड उतरायला लागला तेव्हा तो आला. आधी शिकरा झाला, मग बुडी मारली, मग फांदीवर बसला. आई श्वास धरून होती. इतका वेळ धरून होती की माझ्या तोंडातून सवयीने ‘सोडा’ निघणार होतं.

शिट्टी झाली. दोन लांब, एक तुटकी, आणि फस्स.

आई हलली नाही. पाखरू उडून गेलं, घमेल्यातलं पाणी स्थिर झालं, मग तिने हळूच ओठ पुढे करून फक्त शेवटचा आवाज काढून पाहिला. “फस्स.” आणि हसली. ती हसली हे मला आधी कळलंच नाही, मला वाटलं तिला उचकी लागली.

“दात पडला होता ना त्याईचा, म्होरचा,” ती म्हणाली. “तवापासून अशी वाजे. एक दिवस फाटकात वाजवली अन् मले हसूच आलं. मी म्हटलं, तुमच्या टायरमधली हवा गेली. मंग घरी कदी वाजवलीच नाई त्याईनं. शांतपनी याचे अन् फाटकाची कडी वाजवाचे.”

म्हणजे मी ऐकलेली ती साफ शिट्टी आधीची होती. ही शेवटची होती, आणि ती फक्त आईने ऐकली होती, तीही एकदा-दोनदा. त्या पहिल्या संध्याकाळी तिचा चेहरा तसा का झाला होता ते मला तेव्हा समजलं.

ती अजून भोकातून बाहेरच बघत होती. मग वळली. “मंग ह्यानं कुठी आयकली?”

“काय?”

“घरी तं वाजवत नव्हते. अन् हे पाखरू तू म्हनतेस, इकडे येतच नाई. मंग ह्यानं थे फुसकी शिट्टी कुठी आयकली?”

उत्तर तिच्याकडेच होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू येताना मी पाहिलं.

“मोहाखाली,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. लग्न झाल्यापासून दोघं मिळून मोह वेचायला जायचे. अंधारात, वेगवेगळ्या झाडांखाली. जंगलात एकमेकांना नावाने हाक मारायची नाही असं तिच्या सासूने सांगितलेलं, म्हणून बाबा थोड्या थोड्या वेळाने शिट्टी वाजवायचे. मी इथं आहे, तू आहेस ना? आणि आई ‘ओ’ द्यायची. आहे. सकाळभर हेच चालायचं. फुलं वेचता वेचता तिला कळायचं की ते कुठवर सरकले. मग तिचे गुडघे गेले. वाकता येईना. ती घरी राहायला लागली आणि बाबा एकटे जायला लागले.

“दात तं त्याच्या मांगून पडला,” आई म्हणाली. “मी जातच नव्हती तवा. मंग थे कोनाले वाजवत होते तिथी?”

बाहेर उजेड पुरता गेला नव्हता. घमेल्याच्या काठावर एक होला येऊन पाणी प्यायला आणि गेला. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. एखाद्या पाखराला आवाज पाठ व्हायचा तर तो किती वेळा कानावर पडावा लागत असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि तो मी तिथेच थांबवला. आईच्या मनातही तोच आला असावा. कोणी ‘ओ’ द्यायला नसताना, रोज पहाटे, झाडामागून झाड, बाबा शिट्टी वाजवत होते. आणि बांबूत बसून हा ऐकत होता.

त्या दिवशी आई रडली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मागच्या दाराची कडी काढली. आता ती जाणार नव्हती.

काकूंना मी फोटो दाखवला. त्यांनी दोन्ही हात जोडून तो पाहिला. “मंग भाऊ पाखरात आले,” त्या म्हणाल्या.

“नाई आले,” आई म्हणाली. “पाखरू शिकलं.”

काकूंनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. गावात निम्म्यांना माझं खरं वाटलं, निम्म्यांना काकूंचं. एक म्हातारा मला समजावून सांगून गेला की दोन्ही खरं असू शकतं. पायवाट काही संध्याकाळी सुरू झाली नाही, आणि ते बरंच झालं, कारण वाघ तर होताच. त्याच आठवड्यात पलीकडच्या गावची एक कालवड गेली.

मृगाच्या आधीपर्यंत भीमराज येत राहिला. आई उंबऱ्यावर बसून ऐकायची. ‘ओ’ मात्र पुन्हा दिली नाही. मला त्याचे बरेच चांगले फोटो मिळाले, दोन्ही तारांसकट, डोळ्यासकट. एखादा मोठा करून भिंतीवर लावू का, असं मी विचारलं.

“नोको,” ती म्हणाली. “भितीवर नोको. रोज चोच उघडी दिसन अन् आवाज येनार नाई.”

मग पाऊस आला, नाला वाहायला लागला आणि घमेल्याचं काम संपलं. भीमराज परत आपल्या बांबूत गेला. मी चंद्रपूरला कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ टेबलावर झोपले, मी ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हटलं आणि पुढचं ‘सोडा’ म्हणायला विसरले. ते बिचारे धरून राहिले. तसं मला अजूनही कधी कधी होतं.

पुढच्या चैत्रात आईचा फोन आला. “बायका चालल्या मोहाले. सगळ्या मिळून, उजेड झाल्यावर, डबे वाजवत. मीबी चालली. तू येतेस का?”

“गुडघे?”

“बसून वेचीन.”

मी गेले. कॅमेरा घेतला होता, पण पिशवीतून काढला नाही. दोन्ही हात मोकळे असावेत असं वाटत होतं. वनरक्षकाने दोन माणसं सोबत दिली होती. बायका मोठमोठ्याने बोलत होत्या, डब्यांवर काठ्या आपटत होत्या. झाडाखाली पोचल्यावर आपोआपच सगळ्यांचा आवाज खाली आला. फुलं पडलेली होती, पिवळसर, ओली, त्यांच्या वासाने डोकं जड होत होतं. आईने एका झाडाखाली फडकं अंथरलं, त्यावर पाय पसरून बसली आणि हात पोचेल तेवढं वेचायला लागली. ते झाड तिचं होतं की बाबांचं, मी विचारलं नाही.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं असेल, तेव्हा डोंगराच्या अंगाने, बरंच लांबून, ती आली. दोन लांब, एक तुटकी.

सगळ्या बायकांचे हात थांबले. काकू माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. सोबतचे दोघं उठून उभे राहिले आणि बांबूकडे बघायला लागले. कोणी डबा वाजवला नाही. मी आईकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती. तिच्या ओंजळीत फुलं होती आणि ओठ किंचित उघडले होते.

मग तिने ती ओंजळ टोपलीत रिकामी केली.

“वेचा बाप्पा,” ती सगळ्यांना म्हणाली. “ऊन चढून राह्यलं.”